फोटोग्राफरांची वकीलबाई: इंदूर, बाबांचं बिलबुक आणि कलम १७

सराफ्यातली_रात्र (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात मुलांच्या करिअरच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले, की माझी निम्मी कामं फोटोग्राफरांची असतात. त्यावर तिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, असं काही काम असतं का? एकाने तर "इंदुरात? पोहे-जिलेबी सोडून तिकडे कोणी कोर्टात जातं का?" असंही विचारलं. म्हणून हा धागा. लांबणार आहे, आधीच सांगते.

बाबांचा जेल रोडच्या आतल्या गल्लीत स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, मुंजी, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो. शाळा सुटली की मी तिथेच. मागच्या काळ्या खोलीत हायपोचा वास, दोरीवर चिमट्यांना लटकलेले ओले प्रिंट, आणि एका कोपऱ्यात टचिंगवाले काका, डोळ्याला भिंग लावून नवऱ्या मुलीच्या गालावरचा मुरुम ब्रशने घालवत बसलेले. माझं काम बिलबुकात कार्बन घालायचं. त्या बिलाखाली बारीक अक्षरात हिंदीत तीन ओळी छापलेल्या असायच्या: बिना रसीद फोटो नहीं मिलेंगे. एक माह बाद हमारी जवाबदारी नहीं. निगेटिव्ह स्टुडियो की संपत्ति रहेगी. या तिसऱ्या ओळीचं पुढे काय झालं ते सांगायलाच खरं तर हा धागा काढला आहे.

बी. कॉम. झाले, तोवर डिजिटल आलं होतं आणि स्टुडिओ आचके देत होता. मग एलएल.बी. तीन वर्षं, २०१४ मध्ये सनद, आणि एम. जी. रोडच्या कोर्टात एका सिव्हिल वकिलांकडे ज्युनिअर. सरांकडे भाडेकरूंची, वाटणीची आणि १३८ची कामं. १३८ म्हणजे चेक बाउन्स. दोन वर्षं मी तारखा घेतल्या, फायली उचलल्या, टायपिस्टच्या चुका काढल्या. कॉपीराइट हा शब्द परीक्षेनंतर पुन्हा कानावर आला नव्हता.

तो आला तो टचिंगवाल्या काकांच्या तोंडून. स्टुडिओ बंद झाल्यावर काकांनी मुलाला घेऊन लग्नाचे फोटो काढायचा धंदा सुरू केला होता. त्यांनी काढलेला एका नवरीचा फोटो, मेंदीचे हात आणि वर बांगड्या, एका सराफाच्या होर्डिंगवर लागला. वीस फूट रुंद. काका रोज स्कूटरवरून त्याखालून जायचे. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "बेटा, पैसे नकोत, पण कोपऱ्यात नाव तरी टाकायचं होतं."

मी पेटले. रात्रभर बसून चार पानी नोटीस लिहिली. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २(सी) प्रमाणे फोटो ही कलाकृती. २(डी) प्रमाणे फोटो काढणारा तो कर्ता. कलम १७ प्रमाणे कर्ता हाच पहिला मालक. आमच्या अशिलाचा हक्क आपण पायदळी तुडवला, वगैरे. सरांना दाखवलीसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. एकच परिच्छेद. कलम १७ नीट वाचा, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. त्या कलमाला परंतुकं, म्हणजे 'परंतु' म्हणून जोडलेले अपवाद, आहेत, आणि त्यातलं (बी) सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो काम सांगणारा. म्हणजे नवरीचे वडील. दागिने त्याच दुकानातून घेतलेले, त्यामुळे फोटो वडिलांनीच हौसेने सराफाला दिला होता. तुमचे अशील कोण, असा शेवटचा प्रश्न होता.

सर हसले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "बाई, कायद्यात 'परंतु' आलं की थांबून चष्मा पुसायचा."

त्या रात्री घरी माळ्यावरून बाबांचं जुनं बिलबुक काढलं. तिसरी ओळ वाचली. "उलट करार नसेल तर." बाबांनी कायदा कधी वाचला नव्हता, पण तो उलट करार, बरा-वाईट कसाही, ते तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात देत होते. मग काकांचं नवीन बिलबुक मागवून बघितलं. छान ग्लॉसी, वर कॅमेऱ्याचं चित्र. खाली त्या तीन ओळींच्या जागी "थँक यू, व्हिजिट अगेन". छापणाऱ्याने म्हणे सुचवलं होतं, इंग्रजी बरं दिसतं.

तिथून सुरुवात. पहिली दोन वर्षं मी वकिली कमी आणि बिलबुकं जास्त सुधारली.

दुसरं प्रकरण मात्र जिंकले. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीचा, फोटो. राजवाड्यासमोरच्या एका घराच्या गच्चीवरून एका तरुण पोराने काढलेला: खाली माणसांचा लोट, मधोमध गुलालाचा ढग, त्यातून वर आलेला राजवाड्याचा दरवाजा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते, तो आपला हौसेने चढला होता. म्हणजे १७(बी) लागूच नाही, मालक तोच. एका कोचिंग क्लासने हा फोटो माहितीपत्रकावर आणि बसच्या पाठीवर लावला, खालचं त्याचं नाव कापून. पोराकडे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, होती, आधीच्या आणि नंतरच्या चाळीस फ्रेम होत्या. क्लासवाले म्हणाले, गूगलवर मिळाला. मी विचारलं, गूगल गच्चीवर चढलं होतं का? दोन महिन्यांत समझोता झाला. रक्कम सांगायची नाही असं त्यात लिहिलं आहे, म्हणून सांगत नाही. पोराने नवी लेन्स घेतली एवढं सांगते.

विचारा काय विचारायचं ते.

---

शटरबाबू

ताई, मी इंदूरचाच, अठरा वर्षं लग्नं शूट करतोय. वाचून पोहे घशात अडकले. म्हणजे आजवर काढलेलं काहीच माझं नाही? आणि मी जे इन्स्टावर टाकतो, दुकानाच्या काचेवर नवरा-नवरीचे मोठे प्रिंट लावतो, ते काय मग चोरी?

---

मालवी_मिरची

वाचतेय. वाचनखूण साठवली. कार्बन घालणारी मुलगी डोळ्यासमोर आली.

---

तानसेनच्या_गावचा

ग्वाल्हेर खंडपीठात वकिली करतो, म्हणून राहवत नाही. लेख छान, पण बाबांच्या तिसऱ्या ओळीवर तुम्ही भावनेच्या भरात जरा जास्त भार टाकलात. निगेटिव्हची मालकी ही वस्तूची मालकी. कॉपीराइट वेगळा. मी चित्र विकत घेतलं तर कागद माझा होतो, छापायचा हक्क माझा होत नाही. तसंच इथे उलट. "निगेटिव्ह आमची" म्हटल्याने "कॉपीराइट आमचा" सिद्ध होत नाही. शिवाय पावतीवर गिऱ्हाइकाची सही कुठे असते? एकतर्फी छापलेल्या ओळीला करार म्हणायला न्यायाधीश सहज तयार होणार नाहीत.

---

सराफ्यातली_रात्र

@तानसेनच्या_गावचा: दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य, आणि दोन्ही मला सरांनी त्याच आठवड्यात ऐकवले होते. म्हणून तर "बरा-वाईट कसाही" लिहिलं. त्या ओळीवर मी केस लढवली नसती. तिने मला कुठे बघायचं ते दाखवलं, बस.

आता मी जे लिहून देते त्यात निगेटिव्ह, रॉ फाइल, हार्ड डिस्क हे वेगळं आणि कॉपीराइट वेगळा, असे दोन स्वतंत्र मुद्दे असतात. आणि सही बुकिंगच्या वेळी, ॲडव्हान्स घेताना. लग्न झाल्यावर नाही. कारण फोटो काढला त्या क्षणी मालक ठरून जातो. नंतर बदलायचं तर ते कलम १९ प्रमाणे हस्तांतरण, लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी. नवरीच्या वडिलांकडे लग्नानंतर सही मागायला गेलात तर आधी अल्बम कुठे आहे ते विचारतील.

@शटरबाबू: घाबरू नका, पण हो, उलट करार नसेल तर दुकानाच्या काचेवर लावलेला प्रिंट त्यांच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. "चोरी" हा शब्द मी वापरणार नाही. आजवर कुणी तक्रार केली नाही कारण लोकांना स्वतःचा फोटो काचेत बघायला आवडतो. ज्या दिवशी घटस्फोट होतो त्या दिवशी आवडत नाही. असं प्रकरण माझ्याकडे आलं आहे, दुसऱ्या बाजूने.

तुमच्याकडे एक गोष्ट मात्र कायम राहते. कलम ५७. मालकी गिऱ्हाइकाकडे गेली तरी "हा फोटो मी काढला" हे म्हणायचा हक्क काढणाऱ्याचाच, आणि फोटोची मोडतोड करून तुमच्या नावाला बट्टा लागत असेल तर आक्षेप घ्यायचाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगलांचं भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकलं होतं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला लावले आणि वर ५ लाख नुकसानभरपाई. ते शिल्प सरकारचंच होतं, पैसे देऊन घेतलेलं. टचिंगवाल्या काकांचं "नाव तरी टाकायचं होतं" हे म्हणणं, म्हणजे, कायद्याच्या भाषेत अगदी बरोबर होतं. मीच चुकीचं कलम धरून बसले होते. हे कळायला मला पुढे वर्ष गेलं, आणि तोवर होर्डिंग उतरलं होतं.

---

शटरबाबू

आणि माझा असिस्टंट? तो बाजूच्या अँगलने काढतो, रोजावर येतो. आता स्वतःचं पेज उघडून माझ्या लग्नांचे फोटो टाकतोय.

---

सराफ्यातली_रात्र

इथे तेच १७(बी) तुमच्या बाजूने उभं राहतं. तुम्ही पैसे दिलेत, तुमच्या सांगण्यावरून काढले. पगारी नोकर असता तर १७(सी) लागलं असतं, निकाल तोच. पण त्याच्याकडूनही एक कागद घ्या, नाहीतर रोज दिला याचा पुरावा काय? फोनपेचा स्क्रीनशॉट चालेल, रोख दिले असतील तर हरी हरी.

---

न्यूजर्सीचा_नाना

मूळचा रामबागेतला, आता इकडे वीस वर्षं. आमच्याकडे उलटी गंगा आहे. लग्नाचा फोटोग्राफर स्वतंत्र धंदेवाईक असेल तर कॉपीराइट त्याचाच, गिऱ्हाइकाला अल्बम मिळतो. पण कोर्टात जायचं तर आधी कॉपीराइट ऑफिसात नोंदणी पाहिजे. नोंदणी वेळेत असेल तर एका कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर ठरीव भरपाई, आणि मुद्दाम केलं असेल तर दीड लाख डॉलरपर्यंत. नुकसान किती झालं ते सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे इकडे फोटोग्राफरांचे वकील हा रीतसर धंदाच आहे, टक्केवारीवर काम करतात. २०२२ पासून छोट्या दाव्यांसाठी वेगळं क्लेम्स बोर्डही निघालं, कमाल ३०,००० डॉलर. आपल्याकडे असं का नाही?

---

सराफ्यातली_रात्र

नाना, तुमचा प्रतिसाद मी माझ्या प्रत्येक नव्या अशिलाला वाचून दाखवणार आहे, कारण सगळे यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून येतात आणि "मॅडम, दीड लाख डॉलर" म्हणतात.

आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला की हक्क आला. नोंदणी केली तर पुरावा म्हणून बरी. कलाकृतीची फी ५०० रुपये. पण ठरीव भरपाई आपल्याकडे नाही. नुकसान दाखवा, नाहीतर समोरच्याने कमावलेला नफा दाखवा. बसच्या पाठीवर लावलेल्या फोटोमुळे क्लासला किती पोरं जास्त आली, हे कोण मोजणार? म्हणून मी प्रत्येक फोटोग्राफरला सांगते की स्वतःचं दरपत्रक ठेवा, आधी कुणाला फोटो विकला असेल तर त्याचं बिल ठेवा. "हा फोटो मी याआधी अमुक रुपयांना वापरायला दिला" हा कागद हातात असला की बोलणी तिथून सुरू होतात.

आणखी एक. टक्केवारीवर फी घेणं आपल्याकडे वकिलाला मना आहे. हरलो तर फी नाही, जिंकलो तर तिसरा हिस्सा, हे इथे चालत नाही. अमेरिकेतला तो अख्खा धंदा ज्या खांबावर उभा आहे तोच इथे नाही.

१७(बी) आलं कुठून तर इंग्रजांकडून. काम सांगणाऱ्याकडे फोटोचा हक्क जाणं हे त्यांच्या कायद्यात १८६२ पासून होतं, आपण १९५७ साली ते तसंच ठेवलं. त्यांनी स्वतः १९८८च्या कायद्यात काढून टाकलं, फोटोग्राफरला मालक केलं, आणि घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला 'हे प्रसिद्ध करू नका' म्हणायचा वेगळा हक्क दिला. मला विचाराल तर न्याय्य वाटणी तीच आहे. आपण अजून आजोबांचा कोट घालून फिरतो.

---

दरबारी_जुना

अवांतर: इंदूर आणि फोटो म्हटलं की लाला दीनदयाळ आठवले नाहीत कुणाला? रुरकीला शिकून इथे पीडब्ल्यूडीत नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारा माणूस, फावल्या वेळात कॅमेरा धरला. ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज आहे त्या सर हेन्री डेलींनी हात दिला, तुकोजीराव होळकरांनी दिला, आणि पुढे निजामाने 'राजा' हा किताब दिला. आज त्यांचे फोटो हॉटेलांच्या भिंतीवर, डायरीवर, कॅलेंडरवर, जिकडे तिकडे. वारसांना काही मिळतं का?

---

सराफ्यातली_रात्र

दीनदयाळ १९०५ मध्ये गेले, त्यामुळे कुठल्याही हिशोबाने मुदत केव्हाच संपली. ते फोटो आता सगळ्यांचे. आजचा हिशोब असा: पूर्वी फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षं होती, २०१२च्या दुरुस्तीने ते कलम २५ काढलं, आता काढणाऱ्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं. गेरवाला पोरगा तिशीच्या आत आहे. त्याचा तो गुलालाचा ढग पुढच्या शतकात जाईल.

(पीडब्ल्यूडीतली नोकरी सोडून कॅमेरा धरणारा माणूस इंदूरचा, हे वाचून आज आमच्या ऑफिसातल्या क्लार्कच्या डोळ्यांत चमक आली. त्याला मी जास्त वाचू देणार नाही.)

---

बडोद्याची_सून

ताई, माझा प्रश्न दुसऱ्या टोकाचा. मागच्या नवरात्रात गरब्याच्या मैदानावर कोणीतरी माझा फोटो काढला. इकडे बडोद्यात नऊ रात्री मैदानात जेवढ्या टाळ्या तेवढे कॅमेरे असतात, त्यामुळे लक्षही नव्हतं. दिवाळीत रावपुऱ्यातल्या एका चणिया-चोळीच्या दुकानाच्या जाहिरातीत मीच! सासूबाईंना आधी त्यांच्या भजनी मंडळाने दाखवलं. कॉपीराइट माझा का?

---

सराफ्यातली_रात्र

नाही. चेहरा तुमचा, पण फोटो तो काढणाऱ्याचा. तुम्ही त्याला काम सांगितलं नव्हतं, पैसे दिले नव्हते, म्हणून मालक तोच. पण तुमचा हक्क कॉपीराइटच्या बाहेर आहे: कुणाचं नाव किंवा छबी संमतीशिवाय जाहिरातीला वापरली तर तो खासगीपणाचा भंग, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे दुकानदाराला दोघांची परवानगी हवी होती, फोटोग्राफरची आणि तुमची. बहुतेक एकाचीही नसणार. आधी फोटोग्राफर शोधा. बरेचदा त्यालाही माहीत नसतं, आणि मग एकाच नोटिशीवर दोन सह्या होतात.

सासूबाई काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीत.

---

बडोद्याची_सून

म्हणाल्या, ओढणी नीट घ्यायची होतीस.

---

कोराकागद

मी डीएव्हीव्हीतून (इंदूरचं देवी अहिल्या विद्यापीठ) बीए एलएलबी करतोय, चौथं वर्ष. हे वाचून या लाइनमध्ये यावंसं वाटतंय. वडील म्हणतात की सिव्हिल जज्जची परीक्षा दे. खरं सांगा, पोट भरतं का? आणि यासाठी सायन्स लागतं असं ऐकलं.

---

खवचट_खंडेराव

पोट भरतं का ते सोडा, ताईंनी धागाच जाहिरातीसाठी काढला आहे असं मला वाटतं. 

---

सराफ्यातली_रात्र

@खवचट_खंडेराव: वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ३६. म्हणून इथे माझं नाव नाही, नंबर नाही, आणि काल आलेल्या सहा व्यनिंना मी "तुमच्या गावातला वकील गाठा" असंच उत्तर दिलं आहे. एवढी वाईट जाहिरात कोण करेल?

@कोराकागद: सायन्स लागतं ते पेटंट एजंटच्या परीक्षेला. कॉपीराइटला नाही, मी बी. कॉम. आहे. सनद, मग ऑल इंडिया बार परीक्षा, आणि झालं. सनदीसाठी आमच्या वेळी भरमसाट पैसे घ्यायचे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिली आहे त्याहून जास्त फी नाही, म्हणजे खुल्या वर्गाला ७५० रुपये. तेवढं तुझं नशीब बरं. वायपो म्हणजे जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, तिचा पायाभूत ऑनलाइन कोर्स फुकट आहे, तो या सुट्टीत कर. मी तो घरी झोपाळ्यावर बसून केला.

पण कोर्सने अशील येत नाही. पहिली तीन वर्षं कुठल्यातरी सिव्हिल वकिलाच्या हाताखाली घासली पाहिजेत. मनाईहुकूमाचा अर्ज कसा लिहायचा, शपथपत्रात काय गाळायचं नाही, नाझर कधी जागेवर असतो, हे कॉपीराइटच्या पुस्तकात नाही. माझी गेरची नोटीस चालली ती कायद्यामुळे जेवढी, तेवढीच १३८च्या नोटिसा लिहून हात बसला होता म्हणून. तिथे तारखेत एक दिवस चुकला की केस जाते. मग माणूस आपोआप नेमका होतो.

पोटाचं. एका नोटिशीचे मी पाच हजार घेते, कॅमेऱ्याचे हप्ते चालू असतील तर तीन. करारपत्राचे तेवढेच. दावा दाखल झाला तर जास्त, पण दहातले आठ दाव्यापर्यंत जात नाहीत. निम्मं उत्पन्न अजून भाडेकरू आणि वाटण्यांचं आहे. निव्वळ फोटोंवर इंदुरात घर चालेल असं मी तुला सांगणार नाही. मुंबई-दिल्लीत मोठ्या फर्मा आहेत, तिथे कंपन्यांचं काम असतं, एकट्या फोटोग्राफराचं फारसं नाही. वडिलांना सांग की जज्जची परीक्षाही देईन. खोटं होणार नाही, दोन्हीला वाचायचं तेच असतं.

आणि कॅमेरा शीक. गंमत म्हणून नाही. एका प्रकरणात समोरचा म्हणाला की हा फोटो माझाच आहे, माझ्याकडेही फाइल आहे. त्याची जेपीजी होती, २०४८ पिक्सेल रुंद, म्हणजे सोशल मीडियावरून उतरवलेली. आमची रॉ सहा हजार पिक्सेलची, आणि तिच्या उजव्या कडेला एक विजेचा खांब होता जो प्रसिद्ध केलेल्या फोटोत कापला होता. मी त्यांच्या वकिलांना एवढंच विचारलं, तुमच्या फाइलमध्ये खांब दाखवा. ज्याने काढला त्याच्याकडेच कापलेला भाग असतो. हे मला लॉ कॉलेजने नाही, बाबांच्या कटरने शिकवलं. कापलेल्या कडा ते शेवटपर्यंत डब्यात ठेवायचे.

---

तानसेनच्या_गावचा

खांब आवडला. पुराव्यात एक भर घालतो, विद्यार्थी वाचताहेत म्हणून. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायदा गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. डिजिटल पुराव्याला लागणारं जुनं ६५बीचं प्रमाणपत्र आता त्याच्या कलम ६३ खाली, दोन भागांत: एक फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकी ठसा, लिहायची. प्रमाणपत्राशिवाय चालत नाही हे आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२० मध्ये पक्कं झालं. फोटोग्राफरांनी मेमरी कार्ड लगेच फॉरमॅट करू नये. अशील दर वेळी कार्ड पुसून येतात.

गमतीची गोष्ट, कॉपीराइट कायद्यातही एक ६५बी आहे. फोटोवरचं नाव, मालकीची माहिती जाणूनबुजून काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद. कोचिंग क्लासने नाव कापलं तेव्हा ते लावलंत का?

---

सराफ्यातली_रात्र

नोटिशीत एक ओळ टाकली होती. सांगते, त्या एका ओळीनंतर फोन आला. आधीच्या तीन पानांनंतर आला नव्हता.

---

भिया_इंदोरी

सरळ पोलिसात का नाही जायचं? कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आहे ना, सहा महिने ते तीन वर्षं कैद. ठाण्यात बोलावलं की दोन मिनिटांत पैसे निघतात.

---

सराफ्यातली_रात्र

आहे. दंडही ५० हजार ते २ लाख. आणि २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे हत्यार धारदार आहे. नकली पुस्तकं, नकली माल गोदामात भरून ठेवणाऱ्यावर ते चालवावं. पण मिठाईवाल्याने दिवाळीच्या बॅनरवर एक फोटो उचलला म्हणून त्याला अजामीनपात्र? मी नाही करत. माझ्या हातून दोन अशील यावरून गेले, जाऊ देत. एक म्हणजे ठाणेदार फोटोच्या मालकीचा वाद बघून "ये तो सिव्हिल मॅटर है" म्हणतो. दुसरं म्हणजे तोच मिठाईवाला उद्या तुमचं गिऱ्हाईक असू शकतो. माझ्या चार समझोत्यांत असं झालं आहे, पुढच्या वर्षीचं काम त्यालाच मिळालं ज्याचा फोटो उचलला होता.

वेबसाइटवर असेल तर त्याहून सोपं: लेखी तक्रार करा. अशी तक्रार आल्यावर पटलं तर वेबसाइटवाल्याने ३६ तासांत तो फोटो रोखायचा असतो. मग २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत लावू शकतात, म्हणून तेवढ्यात बोलणी उरकायची. दावा करायचाच झाला तर कलम ६२ने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, दिल्लीच्या माणसाला इंदूरला यावं लागतं. दावा ३ लाखांच्या वर असेल तर कमर्शियल कोर्ट, आणि तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. मुदत तीन वर्षं. होर्डिंग दिसलं की त्याच दिवशी तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. फोटोग्राफर असून नेमके हेच विसरतात.

---

शटरबाबू

ताई, धागा वाचून परवा नवीन बिलबुक छापायला टाकलं. मागे हे लिहिलंय, बघून घ्या:

"१. सभी फोटो व वीडियो का कॉपीराइट फोटोग्राफर का रहेगा. २. रॉ फाइल नहीं दी जाएगी. ३. ग्राहक निजी उपयोग कर सकते हैं."

काल पहिलं बुकिंग, सुदामा नगरचं. मुलीच्या मामांनी वाचलं आणि भडकले. "आमच्या घरचं लग्न, आणि फोटो तुमचे?" उठून चालले होते.

---

सराफ्यातली_रात्र

क्रम चुकला आहे, दादा. मामांच्या जागी मी असते तरी भडकले असते. पहिली ओळ त्यांची हवी: फोटो, अल्बम, प्रिंट, घरात, नातेवाइकांत, स्वतःच्या सोशल मीडियावर कायम आणि फुकट वापरायला मोकळे. दुसरी: कुठल्याही दुकानाला, कंपनीला, जाहिरातीला द्यायचे तर फोटोग्राफरची लेखी परवानगी. तिसरी: कॉपीराइट फोटोग्राफरकडे. चौथी: फोटोग्राफर त्यांचे फोटो काचेवर किंवा इन्स्टावर लावणार असेल तर त्यांना आधी विचारेल, आणि "नको" म्हणाले तर लावणार नाही. ही चौथी घातली की तिसरीवर कोणी भांडत नाही. माझा अनुभव आहे.

आणि मागे नको, पुढे, रकमेच्या खाली. मागचं वाचलंच नव्हतं म्हणतात.

---

शटरबाबू

झालं ताई. जुनी पुस्तकं रद्दी, छापणाऱ्याने हजार घेतले. आज मामा परत आले, चौथी ओळ दोनदा वाचली, मुलीला फोन लावून वाचून दाखवली, आणि सही केली. वर एक पेनड्राइव्ह फुकट मागितला.

---

सराफ्यातली_रात्र

द्या पेनड्राइव्ह. कार्बनखाली सही नीट उमटली आहे का तेवढं बघा.